मिलिटरीत जाणं : सक्ती, मर्जी आणि नाइलाज – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दापोली तालुक्यातल्या एका किनारी गावात माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. आमच्याकडची मुलं भरतीची तयारी पुळणीवर करतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे सहाला पूर्ण ओहोटी असते आणि ओली, घट्ट वाळू लांबवर मोकळी मिळते. अष्टमीच्या सुमारास त्याच वेळी पाणी वर चढलेलं असतं, मग पोरं डांबरी रस्त्यावर पळतात. ही मुलं, त्यांचे आईवडील आणि गणपतीत गावी येणारे चाकरमानी मला जे प्रश्न विचारतात, ते इथे उत्तरांसह लिहिले आहेत. कायद्याची माहिती आहे तशी दिली आहे. मतं माझी आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

भारतात मिलिटरी सक्तीची आहे का? कधी होती का?

नाही. स्वतंत्र भारतात एकाही नागरिकाला कायद्याने ओढून सैन्यात नेलेलं नाही. आजचा प्रत्येक जवान स्वतः अर्ज भरून, धावून, मेडिकल देऊन आत गेला आहे.

इंग्रजांच्या काळातही हिंदी माणसावर सक्तीचा कायदा नव्हता. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांहून अधिक हिंदी माणसं बाहेर देशी गेली. दुसऱ्या महायुद्धात फौज पंचवीस लाखांवर पोचली आणि ती जगातली सर्वांत मोठी स्वयंसेवी फौज मानली जाते. गंमत अशी, की १९१७ साली हिंदुस्थानात सक्तीचा कायदा झाला तो इथे राहणाऱ्या युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांसाठी. हिंदी लोकांना त्याच दलात मर्जीने येण्याची मुभा होती, एवढंच.

पण कायद्यात सक्ती नव्हती म्हणून गावात नव्हती, असं समजू नका. पंजाबात १९१८ मध्ये गावागावाला माणसांचा आकडा ठरवून दिला गेला आणि तो भरून काढताना जबरदस्ती झाल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. कागदावर ‘स्वेच्छा’ लिहिलेलं असलं तरी तो कागद कुणी, कुठे, कुणासमोर भरला हे पाहावं लागतं. माझ्या पुढच्या बऱ्याच उत्तरांत हाच मुद्दा येत राहील.

उद्या सरकारने सक्ती करायची ठरवली तर? घटना आड येईल का?

दहावीच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो आणि मला तो सावकाश शिकवायला आवडतो.

घटनेचं कलम २३ माणसांचा व्यापार, बिगार आणि सक्तीची मजुरी यांना बंदी करतं. कोकणातल्या माणसाला ‘बिगार’ शब्दाचा अर्थ शब्दकोशात बघायला नको. आपल्याकडे खोत होते, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार. कूळ स्वतःची लावणी बाजूला ठेवून आधी खोताच्या शेतात उतरायचं, त्याच्या घरचं छप्पर शाकारायचं, लाकडं फोडायचं आणि मजुरी मागायची नाही. त्याला वेठ म्हणत. माझी आजी शेवटपर्यंत ‘मी काय वेठीला आल्येय?’ असं म्हणायची. तिच्या तोंडी ती नुसती म्हण नव्हती, तिने ते केलेलं होतं. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. त्याच वर्षी घटना स्वीकारली गेली आणि तिच्यात हे कलम बसलं. मी वर्गात या दोन्ही गोष्टी एकाच तासाला शिकवते.

आता दुसरी बाजू. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम म्हणतं, की सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येईल. अट एकच : ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करायचा नाही. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेल्या मूलभूत कर्तव्यांतही, देशाचं रक्षण करणं आणि बोलावलं तर राष्ट्रसेवा करणं, असं लिहिलेलं आहे.

म्हणजे घटना सक्तीच्या भरतीचं दार बंद करत नाही. संसदेला कायदा करावा लागेल, तो सगळ्यांना सारखा लागू करावा लागेल आणि न्यायालयात तो तपासला जाईल. आजवर संसदेने तसा कायदा केलेला नाही. काही खासदारांनी खासगी विधेयकं आणली, ती पुढे सरकली नाहीत.

सक्तीची सेवा कशी असते याचा छोटा अनुभव मला दर निवडणुकीत येतो. ड्यूटीचं पत्र हातात पडलं की शिक्षकाला नाही म्हणता येत नाही. आदल्या दिवशी यंत्रं घेऊन केंद्रावर मुक्काम आणि दुसऱ्या रात्री यंत्रं जमा होईपर्यंत सुटका नाही. मी ते काम मनापासून करते, कारण ते दोन दिवसांचं आहे, त्याचं कारण मला पटलेलं आहे आणि त्यात माझा जीव मागितला जात नाही. या तीन गोष्टी बदलल्या तर माझं उत्तरही बदलेल.

‘सगळ्या पोरांना दोन वर्षं मिलिटरीत पाठवा, म्हणजे सरळ होतील.’ यात काय चूक आहे?

हा प्रश्न दर गणपतीत, आरतीनंतर ओटीवर बसलं की येतो. विचारणारे काका बहुधा मुंबईहून आलेले असतात आणि समोर पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली असतात. त्यांची कळकळ खोटी नसते. ‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ हे त्यांनी स्वतः गिरणगावात अनुभवलेलं असतं.

आधी साधा हिशेब करू. आपली तिन्ही दलं मिळून सुमारे चौदा लाख माणसं आहेत. देशात दर वर्षी दोन कोटींहून अधिक मुलंमुली अठराव्या वर्षात येतात. नुसती मुलं धरली तरी एका वर्षाची तुकडी सगळ्या फौजेच्या सात-आठ पट भरेल. त्यांना राहायला, खायला, शिकवायला कोण? सगळी फौज देशाचं रक्षण सोडून पोरांची शाळा चालवत बसेल. आणि सगळ्यांना घेता येणार नाही म्हटलं की निवडानिवड आली. ती आली की वशिला आला. ज्याची ओळख आहे त्याचा पोरगा घरी राहील आणि तांडेलाचा पोरगा जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आपण एकदा छोट्या प्रमाणावर हे करून पाहिलं आहे. चीनशी १९६२ मध्ये युद्ध झाल्यानंतर १९६३ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षण विषयक स्थायी समितीने सुचवलं होतं, की थेट राजपत्रित सरकारी नोकरी हवी असेल त्याने आधी पाच वर्षं सैन्यात काढावीत. तेही अमलात आलं नाही.

माझा धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं होता. या काकांना त्याने एकदा उत्तर दिलं होतं : ‘काका, रात्री दोनला पहाऱ्यावर माझ्या शेजारी जो उभा असतो, त्याच्या भरवशावर बाकीचे झोपतात. तो मनाने आलेला नसेल तर मी कसा झोपू?’ काका गप्प झाले. शिस्त घरात आणि शाळेत लावायची असते. ते आमचं काम आहे. आम्हाला जमलं नाही म्हणून ते फौजेच्या गळ्यात घालणं हा फौजेवरही अन्याय आहे.

पण इस्रायलमध्ये सगळे जातातच ना?

कोकणात हा प्रश्न दूरच्या देशाचा नाही. अलिबाग, नवगाव, रेवदंडा या पट्ट्यातले बेने इस्रायली ज्यू – गावाने ज्यांना शनिवार तेली म्हटलं, कारण ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत – त्यांच्यातले बहुतेक १९४८ नंतर तिकडे गेले. तिथे अजून घरात मराठी बोलणारी म्हातारी माणसं आहेत. त्यांचे पूर्वज इंग्रजांच्या मुंबई फौजेत मर्जीने भरती होत आणि पुष्कळांनी अधिकारपदं मिळवली. त्यांची नातवंडं मात्र अठराव्या वर्षी कायद्याने गणवेश चढवतात : मुलगे अडीच-तीन वर्षं, मुली साधारण दोन.

पण ‘सगळे’ जात नाहीत. तिथल्या अरब नागरिकांना बहुतांशी बोलावलंच जात नाही. अतिसनातनी ज्यू तरुणांना धर्मशिक्षणासाठी दशकानुदशकं सूट होती आणि त्यावरून त्या समाजात मोठी कटुता आहे. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, या सवलतीला कायद्याचा आधार नाही, त्यांनाही भरती करा, असा निकाल दिला. जे तरुण विवेकाच्या कारणाने नकार देतात ते तुरुंगात जातात. शेजारी शत्रू आणि लोकसंख्या मूठभर, अशा देशाने तो मार्ग का धरला हे मला समजतं. आपली गोष्ट तशी नाही. आपल्याकडे एका जागेसाठी रांग लागते.

इतर देशांत काय आहे?

आजच्या अर्थाने सक्तीची भरती फ्रान्सने सुरू केली. १७९३ मध्ये क्रांतीच्या रक्षणासाठी सगळ्या राष्ट्राला हाक दिली गेली आणि १७९८ मध्ये तिचा नियमित कायदा झाला. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द ज्यांनी जगाला ऐकवला त्यांनीच नागरिकाला सक्तीने रणात उभं केलं. त्यांचं म्हणणं होतं की राजाची फौज भाडोत्री असते, प्रजासत्ताकाची फौज म्हणजे नागरिकच. या युक्तिवादात तथ्य आहे, मी तो उडवून लावत नाही. श्रीमंताचा मुलगाही सीमेवर असेल तर युद्ध पुकारणारे दहादा विचार करतील, हेही खरं. त्याच फ्रान्सने शेवटी २००१ मध्ये सक्ती थांबवली.

ब्रिटनने १९१६ मध्ये सक्ती आणली आणि विवेकापोटी नकार देणाऱ्यांसाठी त्याच कायद्यात वाट ठेवली. शांततेच्या काळात चालू राहिलेली त्यांची राष्ट्रीय सेवा १९६० नंतर बंद झाली. अमेरिकेत १९७३ मध्ये सक्ती संपली. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी मुष्टियोद्धा मुहम्मद अलीने १९६७ मध्ये भरतीला नकार दिला, त्याचं अजिंक्यपद काढून घेतलं गेलं, ऐन उमेदीची तीन वर्षं त्याला खेळू दिलं नाही आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली.

सिंगापुरात १९६७ पासून मुलग्यांना दोन वर्षं आहेत. स्वित्झर्लंडने २०१३ मध्ये लोकांनाच मत विचारलं आणि मोठ्या बहुमताने लोकांनी सक्ती ठेवली. स्वीडनने २०१० मध्ये बंद केलेली भरती २०१७ मध्ये परत आणली, मुलींसह. दक्षिण कोरियात नकार देणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या तुरुंगात टाकलं जाई. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०१८ मध्ये पर्याय द्यायला लावला, आता ते तुरुंगांमध्ये छत्तीस महिने काम करतात. आणि आफ्रिकेतला एरिट्रिया हा दुसऱ्या टोकाचा देश. कायद्यात अठरा महिने, प्रत्यक्षात संपतच नाही, आणि त्यापायी तरुण देश सोडून पळतात.

माझा मुलगा आखातात कामाला आहे. तिथे त्याला सैन्यात घेतील का?

नाही. अमिरातीने २०१४ मध्ये सक्तीची राष्ट्रीय सेवा आणली, कतार आणि कुवेतमध्येही ती आहे, पण ती त्या देशांच्या नागरिकांसाठी. आपला माणूस व्हिसावर असतो, त्याला लागू नाही.

दुसरी एक भीती मात्र खरी आहे. गेल्या काही वर्षांत एजंटांनी ‘मदतनीस हवेत, पगार चांगला’ असं सांगून भारतातल्या मुलांना रशियात नेलं आणि तिथे न वाचता येणाऱ्या भाषेतल्या करारावर सह्या घेऊन युद्धात उतरवलं. काही मुलं मेली. २०२४ मध्ये सीबीआयने या एजंटांवर गुन्हे नोंदवले. रत्नागिरी, चिपळूणकडे बाहेरदेशी नोकरी लावून देणाऱ्यांची कमी नाही. ज्या भाषेत कागद आहे ती वाचता येत नसेल तर सही करू नका, मग एजंट आपल्याच वाडीतला असला तरी.

युद्धच पटत नसेल, तर नाही म्हणायचा हक्क आहे का?

भारतात तुम्हाला कुणी बोलावतच नाही, त्यामुळे नकार देण्याची वेळ येत नाही. म्हणूनच आपल्याकडे विवेकापोटी नकार देणाऱ्यांसाठी वेगळा कायदाही नाही. कधी सक्तीचा कायदा आलाच, तर त्यात ही वाट पहिल्या दिवसापासून हवी, असं माझं ठाम मत आहे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात विवेकाचं स्वातंत्र्य आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९३ मध्ये, सैनिकी सेवेला नकार देण्याचा हक्क त्यातून निघतो, असं म्हटलं आहे.

या प्रश्नाला कोकणाचं स्वतःचं उत्तर आहे. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी जन्मलेले विनोबा भावे १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहातले पहिले सत्याग्रही झाले. मुद्दा हाच होता : हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढलं आहे आणि त्याविरुद्ध बोलण्याचा आम्हाला हक्क आहे. ते बोलले आणि तुरुंगात गेले. त्याच काळात, रत्नागिरीत तेरा वर्षं स्थानबद्धतेत काढलेले सावरकर तरुणांना सांगत होते, की सैन्यात शिरा, शस्त्र हाती घ्या. त्याआधी पहिल्या महायुद्धात रत्नागिरीचे टिळक भरतीला तयार होते, पण हिंदी माणसाला अधिकाराच्या जागा द्या, ही अट घालून. या तिघांना एकमेकांचं पटलं नसतं. पण तिघेही माणसाच्या मर्जीशी बोलत होते.

म्हणजे सक्ती नाही, सगळं मर्जीने. मग प्रश्न कुठे उरला?

प्रश्न इथूनच सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा अर्जावर सही-शिक्का घ्यायला माझ्याकडे आला. घरचा धंदा मच्छीचा. वडिलांची होडी तीन महिने वर ओढलेली, कारण डिझेलचा खर्चही सुटेना. त्याच्या हाताला जाळ्याच्या दोरीचे घट्टे होते, अंगठ्याजवळ एक ताजी चीर होती. मी विचारलं, ‘जायचंय ना रे मनापासून?’ तो खाली बघत म्हणाला, ‘बाई, दुसरा हाय काय?’

मी सही केली. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. त्याच आठवड्यात दुसरा एक मुलगा आला होता. त्याच्या वडिलांची आंब्याची बाग, मुंबईत दुकान. त्याला लहानपणापासून नौदलाचं वेड. तो बंदरातून जाणारी जहाजं ओळखतो. दोघांचा अर्ज एकच, रकाने तेच, सही तशीच. एकाची मर्जी होती, दुसऱ्याचा नाइलाज होता आणि दोन्हीला सरकारी कागदावर शब्द एकच – स्वेच्छा.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात, फार मोलाची गोष्ट सांगितली आहे. सक्ती म्हणजे फक्त काठीची किंवा कायद्याची नव्हे. भूक आणि गरिबीमुळे ज्याच्यापुढे दुसरा मार्गच उरत नाही, त्याने किमान वेतनाहून कमी पैशात केलेलं काम हेही कलम २३ खालची सक्तीची मजुरीच. हा निकाल मजुरीबद्दल आहे. सैन्याला तो तसाच लागू करता येत नाही, जवानाला रीतसर पगार मिळतो. पण त्यामागचा विचार मला आपल्या पोरांकडे बघताना उपयोगी पडतो.

म्हणून, सैन्य स्वेच्छेचंच असावं असं मानणाऱ्या माझ्यासारखीने तिथेच थांबून चालत नाही. गावात बर्फाचा कारखाना चालायला हवा, होडीला कर्ज मिळायला हवं, तालुक्याला आयटीआयमध्ये चालणारी यंत्रं हवीत. दुसरं काहीतरी असेल, तेव्हाच त्या पोराचं ‘हो’ त्याचं स्वतःचं.

अग्निवीर म्हणजे नक्की काय? ही सक्ती आहे का?

सक्ती नाही. सैन्यभरतीच्या ‘अग्निपथ’ योजनेतून जो भरती होतो तो अग्निवीर. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या या योजनेत साडेसतरा ते एकवीस वयाची अट घातली गेली (पहिल्या वर्षापुरती तेवीसपर्यंत सवलत होती). मुदत चार वर्षांची. चार वर्षांनी प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतात, बाकीचे घरी येतात. योजनेप्रमाणे पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले हातात एकवीस हजार. चौथ्या वर्षी चाळीस हजार, हातात अठ्ठावीस. उरलेली रक्कम निधीत जाते, तेवढीच सरकार घालतं आणि शेवटी व्याजासह सुमारे ११.७१ लाख मिळतात. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. विमा ४८ लाखांचा, हप्ता भरावा लागत नाही.

घरच्यांनी एकत्र बसून तीन गोष्टींचा विचार करावा. पहिली, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी मुलगा परत आला तर शिक्षण कुठून पुढे न्यायचं. दुसरी, अकरा लाखांचं काय करायचं. आमच्याकडे एकाने त्यावर गाडी घ्यायचं आत्ताच ठरवलं आहे, त्याच्या आईला मी विनंती केली आहे की निदान अर्धे पैसे वेगळे ठेव. तिसरी, ‘पंचवीस टक्क्यांत मी असेनच’ असं प्रत्येकाला वाटतं. चारातले तीन परत येणार, हे गृहीत धरूनच सही करा.

मुलगा अठरा वर्षांचा नसेल तर पालकांची सही लागते. ती सही म्हणजे केवळ उपचार आहे असं समजू नका. कायदा तुम्हाला विचारतो आहे, तेव्हा तुम्हीही मुलाला विचारा.

एकदा गेल्यावर मन बदललं तर सोडून येता येतं?

सहजासहजी नाही, आणि हे मुलांना कुणी सांगत नाही. जाताना मर्जी चालते, येताना चालत नाही. अग्निवीराला मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून सोडायचं असेल तर अपवादात्मक कारण आणि वरिष्ठांची परवानगी लागते आणि निधीतला फक्त स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो. न सांगता पळून येणं हा १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे. युद्धसेवेवर असताना पळालं तर त्या कायद्यात मृत्युदंडापर्यंत शिक्षा लिहिलेली आहे. घटनेच्या कलम ३३ मुळे जवानाचे काही मूलभूत हक्क संसद कमी करू शकते. म्हणून त्याला संघटना करता येत नाही, वर्तमानपत्राशी बोलता येत नाही.

हे सगळं मला चुकीचं वाटत नाही. फौज अशीच चालते. पण उलट बाजूनेही शब्द पाळला गेला पाहिजे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण तळावरच्या नौसैनिकांनी काम बंद केलं आणि ते लोण सुमारे वीस हजार खलाशांपर्यंत पसरलं. तेही मर्जीने भरती झालेले होते. भरतीच्या वेळी दिलेली आश्वासनं, नंतर पानात पडलेलं अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांचा मेळ बसेना, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

सैन्यात जाणं हा हक्क आहे की कर्तव्य?

दापोलीत राहून या प्रश्नाचं उत्तर विसरता येत नाही. तालुक्याच्या गावाला जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात, कारण इथे इंग्रजांची छावणी होती आणि निवृत्त शिपाई इथे वस्ती करून राहत. त्यांत महार समाजातले पुष्कळ होते. मुंबई फौजेत त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या. नोकरीने त्यांना पगार दिला, मुलांना शाळा दिली आणि गावकामाच्या वेठीतून बाहेर काढलं. मग १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी, ठरावीक जातीच लढू शकतात, हे ‘लढाऊ जमाती’चं खूळ डोक्यात घेऊन त्यांची भरती बंद केली.

महाड परिसरातले गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत राहत होते. त्यांनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केला : आमचे पूर्वज लढले, आम्हाला का वगळता? सुभेदार रामजी सकपाळ, मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे, निवृत्तीनंतर कुटुंब घेऊन याच दापोलीत आले. त्यांच्या मुलाने, भीमरावाने, पुढे हाच आग्रह नेटाने धरला. पहिल्या महायुद्धात उभी केलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडली गेली. कायमची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली.

म्हणजे जगात इतरत्र लोक सैन्यात न जाण्याच्या हक्कासाठी झगडत होते, तेव्हा इथे माणसं जाण्याच्या हक्कासाठी अर्ज लिहीत होती. मला यात विरोध दिसत नाही. माझं आयुष्य कुठे घालायचं हे मी ठरवणार, असं दोघंही म्हणत होते.

मुलींचं काय?

दार उघडलं आहे. नौदलाच्या अग्निवीरांच्या पहिल्याच तुकडीत मुली होत्या, भूदलात लष्करी पोलिसांत घेतात, एनडीएत, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, २०२२ पासून मुली आहेत. अडचण इथे घरची असते. पहाटे पुळणीवर पळायला मुलीला एकटी सोडत नाहीत. आम्ही पाच जणींचा गट केला आणि एक आजी रोज चटई टाकून बसते.

एनसीसी केली तर युद्धात बोलावतील का?

नाही. एनसीसी कॅडेटवर लढाईला जाण्याची जबाबदारी येत नाही. प्रादेशिक सेना वेगळी. तिथे नोकरी-धंदा सांभाळून नाव घालतात, पण नाव घातलं की बोलावल्यावर जावं लागतं.

घरात तीन पिढ्या फौजी आहेत. मुलाला जायचं नाही. काय करू?

या प्रश्नाचं सर्वांत जड पत्र मला महाडकडून आलं होतं. तिथे फौजी आंबवडे नावाचं गाव आहे, घराघरातून माणूस सैन्यात गेलेलं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशिनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. अशा मातीत ‘मला जायचं नाही’ म्हणायला केवढी हिंमत लागत असेल, याचा विचार करा. कायद्याची सक्ती नाही, पण भिंतीवरच्या तीन फोटोंची असते.

मी त्या वडिलांना लिहिलं, की तुमच्या वडिलांना कुणी ओढून नेलं नव्हतं, ते स्वतः गेले. मुलाला तेवढीच मोकळीक द्या. ते शाळेत भेटायला आले. बराच वेळ टेबलावरचा पृथ्वीगोल फिरवत बसले. मग म्हणाले, ‘त्याला फार्मसी करायचंय म्हणे.’ मी विचारलं, ‘मग?’ ते म्हणाले, ‘अर्जाची शेवटची तारीख कधी आहे, बघाल का जरा?’